सरळ विचारायला शिकताना

शनिवार, लातूर

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आज दिवसभर रोल-प्ले होते. इतके दिवस नुसतं ऐकायला शिकत होतो, आजपासून आत्महत्येची जोखीम तपासणं सुरू झालं. माझ्यासमोरची सहकारी नीटच्या रिपीटरची भूमिका करत होती. परभणीकडची पोरगी, इथं हॉस्टेलवर राहायली, झोप लागंना, जेवण जाईना, घरचा फोन आला की कापरं भरायलंय. बोलता बोलता म्हणाली, "समदं एकदाचं संपलं म्हंजे बरं." शिकवणाऱ्या मॅडमनी तिथंच थांबवलं आणि मला म्हणाल्या, "आता विचारा."

विचारायचं ते असं: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" आडून नाही. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलं की समोरचा माणूस आपल्यालाच धीर द्यायला "नाही" म्हणून टाकतो.

आमच्याकडं हा विषय तोंडातून काढणंच अशुभ. गावात कुणी गेलं की "औषध घेतलं" एवढं हळूच बोलतात आणि गप्प होतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती घराघरात आहे. संशोधन मात्र वर्षानुवर्षं उलटं सांगतंय. थेट विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, उलट अनेकांना कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. नैराश्य तपासायला वापरतात त्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतही नववा प्रश्न याच विचारांचा आहे.

खरं अवघड पुढंच. "हो" आलं की ओठावर उपदेश येतो: आईबापाचा विचार कर, एवढी शिकलेली तू. आमच्या ओसरीवर मी हेच ऐकत वाढले, आणि सांगणारी माणसं जीव लावणारीच होती. पण जिला आधीच आपण घरच्यांना भार झालोय असं वाटतंय, तिच्या पदरात आणखी अपराध टाकून काय साधणार? समानुभूती, सच्चेपणा, बिनशर्त स्वीकार, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या निबंधात मांडलेलं मी एम.ए.ला पाठ केलं होतं. आज ते अंगावर आलं. मरायच्या विचाराला होकार द्यायचा नाही, पण तो विचार घेऊन आलेल्या माणसाला दारातून परतही लावायचं नाही. तिथं बसून राहायचं. आणि गुपितालाही मर्यादा असते, जिवाला धोका असेल तर मी एकटी ते पोटात ठेवणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं.

मग सुरक्षा योजना. स्टॅनली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांची पद्धत. दोघांनी मिळून कागदावर लिहायचं, तिच्याच शब्दांत: त्या विचारांची लाट येतेय हे कशावरून कळतं, तेव्हा आपलं आपण काय करता येतं, कुणाकडं जाऊन बसता येतं, कुणाला खरं सांगता येतं, कोणत्या डॉक्टरकडं जायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर. शेवटी, घातक वस्तू हातापासून लांब कशा ठेवायच्या.

इथं मॅडमनी शेतकऱ्याचं घर घेतलं. फवारणीचं औषध कुठं असतं? आमच्याकडं गोठ्याच्या कोनाड्यात, पेंडीच्या पोत्यामागं, उघडंच. तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ डबा हाताशी नसला तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप घटल्या. माझ्या मते मराठवाड्यात समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं. दोन-चार रविवारांचा कोर्स करून पाटी लावणाऱ्यांना हे कोण सांगतं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बाकी समुपदेशकांसाठी २०२१ चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा आलाय, तो जमिनीवर लवकर उतरावा असं मनापासून वाटतं.

आई अजून विचारते, "लोकांचं दुःख ऐकायचे पैसे घेणार व्हय?" तिला एकदा निवांत बसवून हे सगळं सांगायचंय.

सोमवारी सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपलं काम तपासून घेणं. आजचं बोलणं शब्दशः लिहून न्यायचंय, मी कुठं घाई केली आणि कुठं थांबले त्याच्या खुणांसकट.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. कोनाड्यातलं औषध पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडं. त्यांनी कारण विचारलं. मी सरळ सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "लावतो. आन् भाऊच्या घरीबी सांगतो, पोरगं हल्ली कुणाशी बोलंना त्याचं." मी म्हटलं, नुसतं कुलूप नका लावू अण्णा, त्याच्याजवळ बसा आणि विचारा. कसं विचारायचं ते मग मी फोनवरच सांगितलं.