किडनी ट्रान्सप्लांटनंतर फुफ्फुसात बुरशी: माझा अनुभव

ताप अजिबात नव्हता. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम, एवढ्यावरच डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असल्या की आत संसर्ग वाढत असूनही ताप येतोच असं नाही.

स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठीसारखे डाग दिसले. टीबी, बुरशी, आणखी काही, नुसत्या चित्रावरून सांगता येत नव्हतं. रक्तातली गॅलॅक्टोमॅननची (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला एक घटक) तपासणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टर थांबले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. अवयव ट्रान्सप्लांट झालेल्यांत रक्ताची ही तपासणी बरेचदा हुकते. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, फुफ्फुसात सलाईन सोडून ते परत ओढून घेतात; त्या पाण्यात संसर्ग सापडण्याची शक्यता जास्त. माझा सापडला तो तिथेच: ॲस्परजिलस नावाची बुरशी. नेमकं नाव कळणं फार गरजेचं, कारण म्युकर ही दुसरी बुरशी निघाली असती तर मला दिलेलं व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध तिच्यावर चाललं नसतं. तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं, आणि ते किडनीला जड.

खरी कसोटी औषध सुरू झाल्यावर लागली. व्होरिकोनाझोलमुळे यकृतात टॅक्रोलिमसचा (प्रतिकारशक्ती दाबणारी माझी गोळी) निचरा मंदावतो आणि रक्तातली लेव्हल झपाट्याने चढते. म्हणून पहिल्याच दिवशी टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणला. लेव्हल वाढली तर नव्या किडनीलाच इजा, घसरली तर रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारणार. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी रिपोर्टची वाट बघायची. क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारा) आकडा वाचताना माझे हात थरथरायचे. त्यातली भीती किती आणि हात कापवणारं जास्तीचं टॅक्रोलिमस किती, हे लेव्हल आल्यावरच कळायचं.

व्होरिकोनाझोलचीही लेव्हल बघतात. साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मध्ये हवी. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभरानंतर. सुरुवातीला गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने दिव्याभोवती झगमगती कडा दिसायची, रंग फिके वाटायचे. ते आपोआप ओसरलं. उन्हाने कातडी भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे.

हे उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतात, माझे त्याहून लांबले. औषध बंद करताना उलटा धोका असतो: टॅक्रोलिमस पुन्हा भराभर निचरू लागतं, लेव्हल पडते आणि डोस वाढवावा लागतो. त्यामुळे व्होरिकोनाझोल थांबवायचं ठरेल त्याच भेटीत पुढच्या टॅक्रोलिमस लेव्हलची तारीख लिहून घ्या.