दहाव्या भावाची वाट

स्लोव्हेनियातल्या व्हिश्न्या गोराच्या स्टेशनवर उतरलेल्या शंभरेक माणसांत फक्त माझ्याच पायात ऑफिसचे बूट होते. ट्रेकिंगचे बूट आदल्या संध्याकाळी स्तिच्नाच्या ओढ्यात भिजले, ते मी हीटरवर वाळत घातले आणि सकाळी एकाचा तळवा अख्खा सुटून हातात आला. आळंदी ते पंढरपूर दोनदा चालले आहे, एकदा चपलेवर आणि एकदा निम्मी वाट अनवाणी. त्यामुळे मनात म्हटलं, पंधरा किलोमीटर ते काय!

सोबत होत्या माझ्या राजधानीतल्या, ल्युब्ल्यानाच्या, घरमालकीणबाई. वय एकाहत्तर. मी त्यांना तोंडावर 'गोस्पा' म्हणते, म्हणजे बाईसाहेब. मनात मात्र त्या आजीच आहेत. माहेर मुल्यावाजवळच्या एका वाडीचं. दर मार्चच्या पहिल्या शनिवारी त्या इथे चालायला येतात, आणि यंदा मला म्हणाल्या, "तू सारखी तुझ्या त्या चालण्याबद्दल सांगत असतेस, आमचं चालणं बघ." मी विचारलं, म्हणजे हीसुद्धा वारीच का? तर त्या जरा बिचकल्या. वारीला त्यांचा शब्द 'रोमान्ये', वारकऱ्याला 'रोमार'. मूळ अर्थ रोमला जाणारा. "ते देवळाला जातात. हा पोहोद. नुसतं चालणं." नुसतं म्हणजे कुठे, तर एका लेखकाच्या घरी. योसिप युर्चिच हा ४ मार्च १८४४ ला मुल्यावात जन्मला आणि १८६६ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने स्लोव्हेन भाषेतली पहिली कादंबरी लिहिली. आपली पहिली कादंबरी १८५७ ची, म्हणजे तशा दोघी पाठच्या बहिणी. कादंबरीकाराच्या वाढदिवसाला हजारो माणसं चिखल तुडवत त्याच्या दारात जातात, हे ऐकून मराठी माणसाने जळावं तेवढी मी जळले.

हा सगळा मुलूख इवान्चना गोरित्सा नगरपालिकेत येतो. नगरपालिका म्हटल्यावर शहर डोळ्यांपुढे आणू नका. १३० हून जास्त गावं-वाड्या, एखादीत तीसच माणसं, मधे जंगल आणि कुरणं. रोमनांचा एमोनाहून, म्हणजे आजच्या ल्युब्ल्यानाहून, आग्नेयेकडे जाणारा रस्ता इथूनच जायचा. १८९४ मध्ये रेल्वे आली तीही त्याच दिशेने, आणि आता महामार्गही तिथूनच. लोक कायम इथून पुढे कुठेतरी जाणारे.

शुक्रवारी आम्ही आजींच्या बहिणीकडे उतरलो होतो, तेव्हा स्तिच्नाचा मठ बघून घेतला. ११३६ सालचा, सिस्टर्शियन या कॅथलिक साधुपंथाचा मठ. सम्राट योसेफ दुसऱ्याने तो १७८४ साली बंद केला, साधू गेले, आणि ११४ वर्षांनी, १८९८ मध्ये, परत आले. याच मठात पंधराव्या शतकात कुणीतरी लॅटिन पोथीच्या पानांवर स्लोव्हेनमध्ये प्रार्थना उतरवून ठेवल्या. ती पोथी आता ल्युब्ल्यानाच्या ग्रंथालयात आहे. आजींना या कशाचं कौतुक नाही. त्या गेल्या थेट मठाच्या दुकानात, पातेर, म्हणजे फादर, सिमोन आशिच यांच्या काढ्याची दोन पाकिटं घ्यायला. हे पातेर १९९२ साली वारले, पण पोट बिघडलं की दोलेन्स्कातल्या, म्हणजे या भागातल्या, बायका अजून त्यांचंच नाव घेतात. मठामागच्या टेकडीवर लोहयुगातल्या तटबंदीच्या खुणा आहेत आणि आसपास शेकड्याने मातीचे थडगे-ढिगारे. ते बघायला म्हणूनच मी ओढा ओलांडला. पुढचं बुटांचं सांगितलंच.

तर व्हिश्न्या गोरा. स्टेशन खाली दरीत, गाव वर. तुर्कांच्या धाडी वाढल्या तेव्हा सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने १४७८ साली गावाला शहराचा दर्जा दिला, तट बांधा म्हणाला. शहर झालं ते एवढंच, एक चौक आणि दोन गल्ल्या. पण दर्जा तो दर्जा! या दिमाखावर शेजारच्या गावांनी इतके विनोद केले की विचारू नका. त्यातला एक म्हणजे या शूर नगरवासीयांनी एक गोगलगाय साखळीला बांधून ठेवली होती. आता तीच गोगलगाय गावाने निशाणी म्हणून मिरवायला घेतली आहे. युर्चिचनेही त्यांना सोडलं नाही. त्याच्या गोष्टीत एक बोकड कुंपणावरून शेजाऱ्याच्या भाजीकडे नुसता बघतो. खटला उभा राहतो. खाल्लं तर काही नाही, पण डोळ्यांनी खाल्लं ना! मग शिक्षा काय, तर बोकडाच्या सावलीला फटके. वारीत पालखीतळावर कुणी ही गोष्ट सांगितली असती तर दिंडी तासभर हसली असती.

इथेच मधमाश्यांचंही एक घर आहे, क्रान्स्का या जुन्या प्रांताच्या राखी मधमाशीसाठी बांधलेलं. गावाजवळच्या पोद्स्म्रेकाच्या गढीतून बॅरन रॉथश्युट्झने एकोणिसाव्या शतकात या माश्यांचा धंदा सुरू केला आणि जिवंत पोळी युरोपभर पाठवली. जुन्या पेट्यांच्या फळ्यांवर चित्रं काढायची इथली रीत. एका फळीवर सैतान एका बाईची जीभ सहाणेवर धार लावताना दाखवलाय. आजींनी माझ्याकडे बोट केलं. मी त्यांच्याकडे केलं.

गावाबाहेर पडलं की चढ. वर जुन्या गढीचे अवशेष, त्याला 'स्तारी ग्राद' म्हणायचं, जुना किल्ला. झाडांवर लाल कड्याच्या आत पांढरा ठिपका दिसत राहतो, तोच वाटेचा खूण-दगड. बर्फ वितळून आठवडा झालेला. चिखल असा की पाय काढताना चप्प आवाज यायचा आणि बूट मागे राहायचा. पानगळीच्या खाली, अजून उघड्या जंगलात, 'तेलोह' फुललेला. पांढरी, खाली मान घातलेली फुलं. आजी म्हणाल्या, हात लावू नकोस, विषारी असतात. मधेच जमीन परातीसारखी खोल गेलेली. चुनखडीचा मुलूख, पाणी वर थांबतच नाही, खाली गुहांतून वाहतं. म्हणून वाड्यांना पूर्वी पाण्याचे हाल. आजींच्या लहानपणी पावसाचं पाणी टाक्यात साठवत.

वाटेतल्या प्रत्येक वाडीत टेबल मांडलेलं. प्रिस्तावाला चहा, रम घातलेला आणि न घातलेला, दोन वेगळ्या पातेल्यांत. पोल्झेवोला पवित्र आत्म्याच्या चर्चपाशी सॉसेजचा धूर. मी शाकाहारी म्हटल्यावर एका काकांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली आणि मग सफरचंदाचं 'झाविटेक' देताना माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. इथे पोहोचेपर्यंत डाव्या टाचेला फोड आला होता आणि ऑफिसच्या बुटांचा माज उतरला होता. आजींनी पिशवीतून मलम काढलं, वर लोकरीचे जाड मोजे दिले. मोजे मावेनात, तेव्हा बुटाची मागची कड दुमडून स्लिपरसारखे घातले. वारीत हेच करतात, माउली, आणि जगात सगळीकडे तसंच करतात असं दिसतं.

टाळ नाहीत, मृदंग नाही, अभंग नाहीत. पहिला तासभर मला ते फार बोचलं. मग लक्षात आलं की लोक सारखे बोलत होते, अनोळखी माणसांशीसुद्धा, आणि ल्युब्ल्यानात असं कुणी बोलत नाही. मला एका शाळकरी मुलाने कादंबरीतला कर्यावेल सांगितला. जंगलातल्या खोपटात राहणारा, शेळीवाला, थापाड्या. त्याने म्हणे सैतानाचे कुऱ्हाडीने मधोमध दोन तुकडे केले. कर्यावेलचं खोपट मुल्यावाला युर्चिचच्या घरामागे बांधून ठेवलं आहे आणि मुलं त्यात वाकून शिरतात.

पण कादंबरीचं नाव कर्यावेलवरून नाही. ते आहे 'देसेती ब्रात', दहावा भाऊ. आपल्याकडे दहावा म्हटलं की पिंड आणि कावळा. इथला दहावा वेगळा. जुनी समजूत अशी की एका घरात ओळीने दहा मुलगे झाले तर दहाव्याने घर सोडायचं, आयुष्यभर भटकायचं. जमीनदार पिकाचा दहावा वाटा नेतो, तसा हा नशिबाचा वाटा. मुलींतही दहावीला तोच भोग. त्याच्या बदल्यात त्याला पुढचं दिसतं, आणि तो दारात आला तर त्याला रिकामं पाठवायचं नाही. युर्चिचच्या कादंबरीतला मार्तिन असाच भटक्या. सगळे त्याला दहावा म्हणतात, कोड्यात बोलतो म्हणून घाबरतात, पण भाकरी देतात. क्राव्येकच्या पडक्या गढीवरून उतरताना आजी म्हणाल्या, "आई सांगायची, भटक्याला ताटाखालचं देऊ नये, ताटातलं द्यावं."

मुल्यावा आलं. युर्चिचचं घर कौलारू, खिडक्या वीतभर. आतलं स्वयंपाकघर काळंकुळकुळीत. चुलीला धुराडं नाही, धूर वरच्या कमानीत साठतो, तिथेच पूर्वी मांस टांगत. भिंतीला बोट लावलं तर काजळी नाही आली, चकाकी आली, डांबरासारखी. या घरातून निघालेला मुलगा सदतिसाव्या वर्षी, १८८१ मध्ये, क्षयाने गेला. अंगणात वाजंत्री, भाषणं, गर्दी. आजी गर्दीतून निसटल्या आणि मला घेऊन चर्चमध्ये गेल्या.

मरीयेचं हे चर्च १४५६ साली ल्युब्ल्यानाच्या यानेझने रंगवलं. बाप फिलाखचा फ्रेडरिक, तोही चित्रकार. पुढे १६७४ चा सोनेरी वेदी-देव्हारा आहे, झगमगीत, पण डोळा ठरतो तो भिंतीवर. गेरू, हिरवा, फिकट निळा. प्रेषितांचे चेहरे तुमच्याआमच्यासारखे, एकाचे डोळे तर रात्रपाळी करून आल्यासारखे. आजी पहिल्या बाकावर गुडघे टेकून बसल्या त्या दहा मिनिटं उठल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, पोहोद ना? नुसतं चालणं? त्या म्हणाल्या, "गुडघे दुखत होते."

बहुतेक जण इथून बसने परततात. आम्ही पुढे कर्काला गेलो, चारेक किलोमीटर, कारण तिथलं चर्च खरोखरीचं यात्रेचं. कोझ्मा आणि दाम्यान या वैद्य भावांचं, पैसे न घेता औषध देणाऱ्यांचं. ते बंद होतं. किल्लीसाठी कुणाला हाक मारायची आजींना लाज वाटली. मग नदीच्या उगमाशी गेलो. कर्का नदी इथे गुहेतून निघते, ९४ किलोमीटर वाहून सावाला मिळते. गुहेच्या अंधारात 'मनुष्य-मासा' नावाचा प्राणी राहतो, आंधळा, फिकट गुलाबी, चार पायांचा. दिसला नाही. दिसलं ते पाणी, हिरवं आणि इतकं स्वच्छ की खोली कळेना. मी मोजे काढून फोडासकट पाय आत सोडले आणि आईला फोन लावला. "पाणी बर्फ आहे गं, पाणी!"

शेजारी एक म्हातारबाबा कॅन भरत होते. त्यांनी मान वर केली. आजींना काहीतरी विचारलं. आजी नाही म्हणाल्या, भारतातली आहे. बाबा मला म्हणाले, "पानी. आमच्याकडचे रोमासुद्धा पानीच म्हणतात." रोमा म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत ते लोक. मी म्हटलं, हो, तो आमचाच शब्द, हजारेक वर्षांपूर्वी तिकडून निघाले ते. नाकाला नाक म्हणतात, कानाला कान. ते हसले. मग मी विचारलं, इथे जवळपास राहतात का ते? बाबांनी कॅनचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. डोंगराच्या बाजूला हात केला. "आम्ब्रुसला होते."

आम्ब्रुस याच नगरपालिकेतलं गाव. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे गावकरी जमले आणि एका रोमा कुटुंबाला, लहान मुलांसकट तीसेक माणसांना, त्यांच्या स्वतःच्या जमिनीवरून जावं लागलं. आधी ती जंगलात लपली, मग सरकारने त्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात पोस्तोय्नाला नेऊन ठेवलं. सरकारने गावाला नाही, कुटुंबाला हलवलं. त्याच आम्ब्रुसवरच्या काम्नी वर्हच्या छोट्या चर्चमध्ये १४५९ साली त्याच यानेझने चित्रं काढली आहेत. मला दुसऱ्या दिवशी ती बघायला जायचं होतं.

बाबा गेले. आजींनी मला टॉवेल दिला, मग स्वतः पायरीवर बसल्या. म्हणाल्या, त्या वेळी माझा भाऊही तिथे उभा होता. गावकऱ्यांत. "आई जिवंत असती तर त्याला घरात घेतलं नसतं. मी घेतलं. भाऊ आहे."

मी काही बोलले नाही. दुमडलेले बूट पुन्हा चढवायला दहा मिनिटं लागली. बस सव्वापाचला होती, आजींनी पुन्हा एकदा वेळापत्रक बघितलं, आणि चर्चच्या बंद दाराशी जाऊन त्यांनी पिशवीतली उरलेली 'पोतित्सा', अक्रोडाच्या पुरणाची गुंडाळी, कागदात बांधून पायरीवर ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. बसमध्ये त्या झोपल्या, आणि मी उद्या काम्नी वर्हला जायला माझ्या मापाचे बूट त्यांच्या बहिणीकडे असतील का याचा विचार करत बसले.