कुंझरू (उत्तर प्रदेश)

राज्यसभेच्या पहिल्या दशकातील कामकाजाचे छापील खंड चाळताना एक गोष्ट लवकर लक्षात येते. बोलणाऱ्या सदस्याच्या नावापुढे कंसात त्याच्या राज्याचे नाव असते, पक्षाचे नसते. प्रत्येक पान दोन रकान्यांत विभागलेले असते, क्रमांक पानाला नव्हे तर रकान्याला दिलेला असतो, आणि त्या दाट मजकुरात सत्तारूढ बाकावरचा सदस्य कोठे संपतो व विरोधी बाकावरचा कोठे सुरू होतो हे केवळ बोलण्यावरूनच ओळखावे लागते. ‘कुंझरू (उत्तर प्रदेश)’ हे नाव मला अशाच एका खंडात वारंवार भेटले. परराष्ट्र धोरणावरील चर्चेत ते होते, संरक्षणाच्या चर्चेत होते, विद्यापीठांचा विषय निघाला तेथेही होते. एवढे बोलणारा हा सदस्य कोणत्या पक्षाचा, हे पाहू लागलो तेव्हा तो कोणत्याच पक्षाचा नव्हता असे कळले.

पंडित हृदयनाथ कुंझरू ३ एप्रिल १९५२ पासून २ एप्रिल १९६२ पर्यंत, म्हणजे सलग दोन कार्यकाळ, उत्तर प्रदेशातून अपक्ष म्हणून राज्यसभेचे सदस्य होते. जन्माने काश्मिरी पंडित, घराणे आग्र्याचे, सार्वजनिक आयुष्य बहुतांशी अलाहाबादेत गेलेले. आणि तरीही पुण्याच्या माणसाने त्यांना परके समजू नये असे एक कारण आहे. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे) ते आजीव सदस्य होते, आणि १९३६ पासून १९७८ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष होते. गोखल्यांनंतर श्रीनिवास शास्त्री, मग देवधर, मग कुंझरू अशी ती परंपरा आहे. आमच्याकडे गोखल्यांचे नाव निघाले की टिळकांशी झालेला वाद तेवढा आठवतो. गोखल्यांचे खरे कार्यक्षेत्र कोठे होते, याकडे सहसा कोणी वळत नाही.

ते कार्यक्षेत्र म्हणजे कलकत्त्याचे मध्यवर्ती कायदेमंडळ. तेथे सरकारी सदस्यांचे बहुमत ठरलेले असे आणि बिनसरकारी सदस्याच्या मताने काहीही बदलणार नसे. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखले अर्थसंकल्पावर बोलले ते सरकारचेच आकडे हाती घेऊन. तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ देश सुखी आहे असा होत नाही, मिठावरचा कर गरिबाच्या ताटातून वसूल होतो, हे त्यांनी सरकारच्याच हिशेबातून दाखवले. पुढे १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे त्यांना ठाऊक होते, तरी त्या विधेयकासाठी त्यांनी घेतलेले कष्ट जिंकणाऱ्याने घ्यावेत तसे होते. कुंझरूंनी गोखल्यांकडून नेमके काय घेतले, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन: मताला किंमत नसताना अभ्यास कसा करायचा, हे घेतले.

राज्यसभेत येण्यापूर्वीच कुंझरूंच्या पाठीशी तीस वर्षांचा कायदेमंडळाचा अनुभव होता. १९२० च्या दशकात ते प्रांतिक कायदेमंडळात होते, मग मध्यवर्ती असेंब्लीत आले, नंतर ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ या तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहात, पुढे संविधान सभेत आणि तिचेच रूपांतर झालेल्या हंगामी संसदेत. १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीचे विधेयक प्रवर समितीकडे गेले तेव्हा भिन्नमतपत्रिका जोडणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जींबरोबर कुंझरूही होते. भाषणस्वातंत्र्यावर घालावयाच्या निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्द त्या वेळच्या वादातूनच आला, आणि आजही न्यायालयात सरकारला प्रत्येक निर्बंध त्या एका विशेषणाच्या कसोटीवर उतरवून दाखवावा लागतो.

संरक्षणावर ते बोलत तेव्हा ती पोकळ तक्रार नसे. राष्ट्रीय छात्रसेना, जिला आपण एनसीसी म्हणतो, ती ज्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, त्या १९४६ च्या समितीचे अध्यक्ष कुंझरूच होते. परराष्ट्र धोरणाचेही तसेच. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यामुळे १९५९ मध्ये लोंगजू आणि कोंगका खिंडीतील भारत-चीन चकमकींनंतर चीनच्या सीमेवरून संसद तापली, तेव्हा नेहरूंसमोर उभा राहणारा हा सदस्य पंतप्रधानांच्या आवडत्या विषयात त्यांच्याइतकाच मुरलेला होता. नेहरूंना विरोध करणारे पुष्कळ होते. नेहरूंनी कान देऊन ऐकावे असे विरोधक मोजकेच होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कुंझरूंचे अपक्षपण त्या काळाने सोपे केले होते. काँग्रेसचे बहुमत इतके भक्कम होते की सरकारला एका अपक्षाच्या मताची कधी गरजच पडली नाही. ज्या मताची गरज नाही त्याला बाजारभाव नसतो, आणि बाजारभाव नसला की ते विकत घ्यायलाही कोणी येत नाही. दुसरे असे की धनविधेयकाच्या बाबतीत राज्यसभेच्या हाती चौदा दिवसांत शिफारशी करून ते परत पाठवण्यापलीकडे काही नाही. म्हणजे पैशाच्या प्रश्नावर तर तेथे प्रत्येक सदस्य, पक्षाचा असो वा अपक्ष, केवळ युक्तिवादच करू शकतो. तिसरे, सभापतीच्या आसनावर नेमकी तीच दहा वर्षे डॉ. राधाकृष्णन होते. अभ्यासू माणसाला अशा सभागृहात जागा मिळाली यात नवल नाही. डॉ. आंबेडकरही १९५२ पासून १९५६ पर्यंत तेथेच होते, हे लक्षात घेतले की त्या बाकांची उंची कळते.

आता मराठी वाचकाला टोचेल असा भाग. २९ डिसेंबर १९५३ रोजी राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला त्याचे तीन सदस्य होते: अध्यक्ष फाजल अली, सरदार पण्णिकर आणि राज्यसभेचे विद्यमान अपक्ष सदस्य हृदयनाथ कुंझरू. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात या तिघांनी मुंबई राज्य द्विभाषिक ठेवावे, त्यात सौराष्ट्र, कच्छ आणि मराठवाडा घालावा, आणि विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. त्यानंतर काय झाले ते हुतात्मा चौकातून जाणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातला पुण्याचा पदर मला विशेष वाटतो. भारत सेवक समाजाच्याच आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या प्रमुख विचारवंतांपैकी होते आणि परिषदेची बाजू आयोगापुढे मांडण्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे संस्थेचे संचालक मराठी भाषकांच्या एका राज्याचा युक्तिवाद आकडेवारीसह लिहीत होते, आणि ज्या समाजाच्या छत्राखाली ती संस्था होती त्याचे अध्यक्ष तो युक्तिवाद नाकारणाऱ्या अहवालावर सही करीत होते. एकाच अंगणातली ही दोन माणसे. दोघेही गोखल्यांचे वारस, दोघेही आकड्यांना धरून चालणारे. यावरून समाजाने अध्यक्ष बदलला नाही आणि संस्थेने संचालकही बदलला नाही. आजच्या सवयीने पाहता हेच अधिक अद्भुत वाटते.

तरीही माझी एक शंका राहतेच. पण्णिकरांनी अहवालाला स्वतंत्र टिपण जोडून उत्तर प्रदेशाचे विभाजन सुचवले होते. इतके अवाढव्य राज्य संघराज्याचा तोल बिघडवते, हा त्यांचा मुद्दा होता. त्या टिपणाला कुंझरूंची साथ नव्हती. याउलट, बिहारशी संबंध असल्यामुळे फाजल अलींनी त्या राज्याच्या सीमावादांपासून स्वतःला अलिप्त ठेवले होते. पक्षाचा आदेश नसलेल्या माणसावरही प्रांताचा, घरच्या पाण्याचा, काही ओढा असतोच काय? कुंझरूंचे त्यावरचे मत प्रामाणिकच असणार, याविषयी मला संशय नाही. पण मुंबईविषयी निश्चिंतपणे लिहिणाऱ्या लेखणीला लखनौजवळ आल्यावर जरा थांबावेसे वाटले नाही का, असे एका मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

कुंझरूंच्या काळातला अपक्ष आणि आजचा अपक्ष यांच्यात सर्वांत मोठा फरक सभागृहाच्या दारातच पडतो. राज्यसभेच्या उमेदवाराला अर्जावर दहा आमदारांच्या सह्या लागतात. महाराष्ट्रात एका वेळी सहा जागा असतील आणि २८८ आमदार मतदान करणार असतील, तर निवडून येण्याचा कोटा एकेचाळीस मतांच्या किंचित वर जातो, म्हणजे व्यवहारात बेचाळीस आमदारांची पहिली पसंती हवी. २००३ पासून हे मतदान खुले आहे. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची असते. अशा स्थितीत कोणी आमदार मनाने एखाद्या स्वतंत्र उमेदवाराला मत देईल ही आशा व्यर्थ आहे. मे २०२२ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी, नामनिर्देशित सदस्य म्हणून सहा वर्षे काढल्यावर, अपक्ष लढण्याची घोषणा केली आणि पंधरा दिवसांत माघार घेतली. सगळ्या पक्षांनी पाठिंबा द्यावा हे त्यांचे आवाहन होते. पक्ष मात्र आधी आमच्याकडे या असे म्हणत होते. त्याउलट २००६ मध्ये प्रमोद महाजनांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर राहुल बजाज अपक्ष म्हणून सहज निवडून आले, कारण भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी हे तिन्ही पक्ष त्यांच्या मागे होते. अपक्षाला निवडून येण्यासाठी पक्ष लागतात, आणि ते नाराज होणार नाहीत याची काळजी पुढची सहा वर्षे लागते.

आत गेल्यावर मात्र कायदा त्याला एका बाबतीत मोकळा ठेवतो आणि दुसऱ्या बाबतीत बांधतो. त्याला कोणी पक्षादेश बजावू शकत नाही. परंतु राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, निवडून आल्यावर तो कोणत्याही पक्षात गेला की त्याचे सदस्यत्व जाते. नामनिर्देशित सदस्याला निदान सहा महिन्यांची सवलत आहे, त्याला तीही नाही. वेळेचे वाटप पक्षांच्या संख्याबळावर होते, तेव्हा मोठ्या विधेयकावर त्याच्या वाट्याला ‘इतर’ या गठ्ठ्यातली काही मिनिटे येतात. शून्य प्रहरात तीन मिनिटे मिळतात आणि ती संपली की ध्वनिक्षेपक बंद होतो. शुक्रवारी दुपारचे अडीच तास आळीपाळीने खासगी ठरावांसाठी आणि मंत्री नसलेल्या सदस्यांच्या खासगी विधेयकांसाठी असतात, पण स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके कायदा बनली आणि १९७० नंतर एकही नाही.

कागदावर मात्र तो कोणापेक्षा कमी नाही. त्याने विचारलेला प्रश्न चिठ्ठीत निघाला तर मंत्र्याला त्याला तेच उत्तर द्यावे लागते जे शंभर सदस्यांच्या पक्षनेत्याला द्यावे लागले असते. याच वाटेने अलीकडे एका अपक्षाने मोठे पाऊल टाकलेले दिसले. २०२२ मध्ये समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर उत्तर प्रदेशातूनच अपक्ष निवडून आलेल्या कपिल सिब्बल यांनी १३ डिसेंबर २०२४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शेखर कुमार यादव यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावाची सूचना राज्यसभेच्या सचिवालयात दिली. १९६८ च्या कायद्याप्रमाणे अशा सूचनेवर राज्यसभेच्या किमान पन्नास सदस्यांच्या सह्या लागतात. तिच्यावर पंचावन्न होत्या. पुढे त्या सह्यांची पडताळणीच महिनोन्महिने चालली, हा भाग निराळा. पण ज्याच्या पाठीशी स्वतःचा एकही खासदार नाही त्याने पन्नासावर जणांची सही मिळवणे, आणि तेही वेगवेगळ्या पक्षांतून, हे काम पक्षाच्या माणसापेक्षा कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या माणसाला अधिक सोपे जाते असे मला वाटते. त्याच्या कागदावर सही केल्याने दुसऱ्या पक्षाचे श्रेय वाढत नाही.

कुंझरूंना असे प्रस्ताव गोळा करावे लागले नाहीत. त्यांचे हत्यार भाषण हेच होते आणि भाषणाला तेव्हा वेळ मिळत असे. त्यांना १९६८ मध्ये भारतरत्न देऊ केले असता, संविधान सभेत आपण अशा सन्मानांना विरोध केला होता म्हणून ते त्यांनी नाकारले, असे सांगितले जाते. एप्रिल १९६२ मध्ये राज्यसभेतील त्यांचा दुसरा कार्यकाळ संपला तेव्हा वयाची पंचाहत्तरी काही महिन्यांवर आली होती. त्याच वर्षी सरकारने रेल्वे अपघात समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून त्यांनाच बोलावले. रेल्वेच्या सुरक्षिततेवरील अहवालांत १९५४ ची शाहनवाज समिती आणि १९६८ ची वांच्छू समिती यांच्या मधोमध तिचा उल्लेख आजही ‘कुंझरू समिती’ असाच होतो, आणि तेथे तर नावापुढे राज्यसुद्धा नसते.