१० ची साखळी
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे वर्कशॉप आहे. आमच्याकडे येणारी साखळी बहुधा चेनपुली ब्लॉकची असते. समुद्राशी आमचा संबंध मासळीपुरताच. त्यामुळे रत्नागिरीजवळ स्वतःची लहान शिडाची नौका बाळगणारे एक निवृत्त गृहस्थ नांगर ओढणाऱ्या विंडलासचे झिजलेले चाक आणि साखळीचा एक तुकडा घेऊन आले, तेव्हा मला त्या कामाचे अप्रूप वाटले. पाच खाचांचे ते चाक गनमेटलमध्ये, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूत, नव्याने ओतायचे होते. अशा चाकाच्या प्रत्येक खाचेत एक कडी आडवी झोपते आणि पुढची उभी कडी मधल्या चरीत उतरते. म्हणजे एका खाचेमागे दोन कड्यांचे माप बरोबर जुळावे लागते. मी तुकडा ताणून मोजला, पिच, म्हणजे एका कडीची आतली लांबी, २८ मिमी आले, त्यावर पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, केला, आणि ओतकाम हातात आल्यावर खाचांच्या कडा स्वतः कानस लावून गोल केल्या. ते चाक सुरेख झाले होते, हे मी आजही म्हणेन.

आंबा घाट उतरून आम्ही ते नौकेवर बसवायला गेलो. साखळी घालताना ती जरा अडली, तेव्हा आमचा फोरमन म्हणाला, "चालतंय की मालक, घासून बसंल." 'चालतंय की' या दोन शब्दांनी आमच्या गावातली जेवढी कामे बिघडली असतील तेवढी खराब पोलादाने बिघडली नसतील, पण त्या दिवशी मीही गप्प राहिलो. नांगर सोडताना साखळी खाचेतून वर चढली आणि खडखडाट करीत सुटली, ती नांगर तळाला टेकल्यावरच थांबली. त्या गृहस्थांचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

मग मी नव्या साखळीच्या ११ कड्या ताणून, पहिल्या कडीच्या आतल्या टोकापासून शेवटच्या कडीच्या आतल्या टोकापर्यंत मोजल्या. ३०८ मिमी यायला हवे होते, आले ३३०. मला दिलेला तुकडा जुन्या साखळीचा होता. मधल्या काळात त्यांनी ५० मीटर नवी साखळी विकत घेतली होती आणि विक्रेत्याने बिलावर फक्त '१० एमएम' लिहिले होते. १० मिमी जाडीच्या साखळीत जर्मन मानक डीआयएन ७६६ चे पिच २८ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४५६५ चे ३०, हे ज्याला ठाऊक नाही त्याने साखळी विकूच नये. ८ मिमीमध्ये दोन्हींचे पिच २४ असल्याने तिथे ही फसगत होत नाही. आमच्या चाकावर मात्र प्रत्येक खाचेमागे ४ मिमीची चूक साठत होती.

खरे तर त्यांना १० ची गरज होती का, हाही प्रश्न मला छळतो. ५० मीटरचे एकशे दहा किलोच्या आसपासचे वजन त्यांनी अगदी नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या, टोकाशी, उथळ कप्प्यात ठेवले होते. ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची प्रत; ग्रेड ४० ची ८ मिमी साखळी ग्रेड ३० च्या १० मिमीच्या सुमारे ८५ टक्के ताकद देते आणि वजन मात्र जवळपास ४० टक्क्यांनी कमी असते. कप्प्यात साखळीला पडायला दोन वीतही उंची नसल्याने तिचा शंकूसारखा ढीग थेट वरच्या भोकाला टेकत होता, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी काठीने तो पाडायचा. ढीग आपोआप कोसळला की वरच्या कड्या खालच्यांत अडकतात. कप्पा थोडा मागे आणि खोल नेला तर वजनही नौकेच्या मध्याकडे सरकेल, असे मी सुचवले. त्यांनी फक्त मान हलवली. एक गोष्ट मात्र त्यांनी चोख केली होती: साखळीचे शेवटचे टोक कप्प्यातल्या कडीला दोरीने बांधले होते, म्हणजे संकटात ते सुरीने कापता यावे. बोल्ट असता तर ते जमले नसते.

दुसरे चाक ३० च्या पिचवर, प्रत्यक्ष साखळीच्या ११ कड्या कुरियरने मागवून केले आणि ते नीट चालते. पहिल्या चाकाचे पैसे त्यांनी न मागता पाठवले आहेत. तुकडा त्यांनी चुकीचा दिला हे खरे, पण 'हीच साखळी आहे ना?' एवढे मी विचारले नव्हते. म्हणून ती रक्कम अजून जमेला धरलेली नाही, आणि ते चाक माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून पडून आहे.