चौतिसाव्या वर्षी कांजिण्या आणि वाया गेलेला पहिला दिवस

कांजिण्यांवर औषध आहे. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण ज्या दिवशी मला ते कळायला हवं होतं त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. औषधाचं नाव असायक्लोव्हिर. अंगावर पहिलं पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केलं, तर मोठ्या माणसाचा ताप, फोडांची संख्या आणि आजाराचे दिवस कमी होतात. जितका उशीर, तितका उपयोग कमी. मला ते दुसऱ्या दिवशी रात्री मिळालं. राग अजून गेलेला नाही.

पहिल्या दिवशी ताप, पाठदुखी आणि पोटावर आठ-दहा लाल ठिपके एवढंच होतं. जवळच्या दवाखान्यात दीड तास बाकावर बसलो. शेजारी तान्ही बाळं, एक गरोदर बाई. हा आजार हवेतून पसरतो आणि पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो, हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. तपासणी दोन मिनिटांत आटोपली. "अॅलर्जी आहे" म्हणून खाजेची गोळी मिळाली. शर्ट वर करायलाही सांगितलं नाही.

अॅलर्जीच्या गांधी काही तासांत विरतात आणि दुसरीकडे उठतात. कांजिण्यांचं पुरळ जागचं हलत नाही, एका दिवसात त्यात पाणी भरतं, आणि ते टप्प्याटप्प्याने येतं. म्हणजे एकाच वेळी पोटावर लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असं तिन्ही सापडतं. सगळ्यात उपयोगी खूण डोक्यात असते. केसांत बोटं फिरवून बघा. तिथे दुखरे बारीक फोड लागले तर घामोळं किंवा डास चावल्याची शक्यता जवळजवळ संपते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : "डॉक्टर, मला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत, डोक्यातही फोड आहेत. या कांजिण्या असू शकतात का?" शक्य असेल तर आधी फोन करून फोटो पाठवा आणि गर्दी नसेल ती वेळ मागून घ्या. अॅलर्जी समजून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ लागलं तर थांबवा आणि कांजिण्यांची शंका बोलून दाखवा. कांजिण्यांत स्टेरॉइडने आजार बळावू शकतो.

दुसरा अडथळा घरचा. फोनवर आत्या म्हणाली, "बाळा, औषध घेऊन दाबू नकोस, सगळ्या बाहेर पडू देत." तिच्या काळजीबद्दल शंका नाही. पण असायक्लोव्हिर पुरळ आत दाबत नाही, विषाणूची वाढ रोखतं. अंघोळ बंद, फोडणी बंद हे नियम देवीच्या काळापासून चालत आलेत. देवी हा वेगळाच रोग होता, १९८० मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. कडुलिंबाचा पाला अंथरुणावर घालायचा तर घाला, पण वाटून फुटलेल्या फोडांवर लावू नका.

तिसरी अडचण मेडिकलच्या दुकानात. तिथे असायक्लोव्हिरचं मलम पुढे केलं गेलं. कांजिण्यांत मलमाचा उपयोग नाही, पोटात गोळीच जायला हवी. मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, म्हणजे ३५ गोळ्या. मी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे गजर लावले होते. ८०० ची नसेल तर ४०० च्या दोन. चिठ्ठीवर ४०० दिवसातून तीनदा असं असेल तर पुन्हा विचारा, कारण तेवढा डोस दुसऱ्या आजारासाठी देतात. सोबत भरपूर पाणी प्या, हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस डॉक्टरच बदलतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका, पण विचारायला दुसरा दिवस उजाडू देऊ नका.

बाकीचं त्या मानाने सोपं. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन नाही, आयबुप्रोफेनही नाही, त्याने फोडांत गंभीर जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. रोज कोमट पाण्याने झटपट अंघोळ, टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा, मग कॅलामाइन. नखं पहिल्याच दिवशी मुळापर्यंत कापा. तोंडात फोड आले की दहीभात, गार पेज. मसाला आणि आंबट बंद.

मोठ्यांत खरी भीती न्यूमोनियाची. विडी-सिगारेट ओढणारे, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी विशेष जपावं. पुरळ आल्यावर पहिल्या आठवड्यात खोकला, धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नका. गुंगी, तोल जाणं, एखाद्या फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज, डोळ्यात फोड, यांनाही तेच लागू.

दवाखान्यातली ती गरोदर बाई अजून डोक्यात आहे. गरोदर स्त्री तुमच्या संपर्कात आली असेल आणि तिला आधी कांजिण्या झाल्या नसतील, तर तिला लगेच कळवा. रक्त तपासून गरज पडली तर १० दिवसांच्या आत विशेष इंजेक्शन देता येतं. घरातल्या इतर मोठ्या माणसांना, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्या गरोदर नाहीत, संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत लस घेता येते. संपर्कानंतर आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणून "आपल्याला काही झालं नाही" असं आठवड्यात ठरवू नका.

दाढीचं सांगायचं राहिलं. खपल्या पूर्ण गळेपर्यंत ब्लेड लावू नका. माझे हनुवटीवरचे दोन खड्डे त्यातूनच आले.

कामावर परतायचा दिवस तारखेवर ठरत नाही. नवा फोड येणं थांबलेलं आणि प्रत्येक फोडावर कोरडी खपली, तेव्हा. मला त्याला नऊ दिवस लागले. फिटनेस प्रमाणपत्रावर "सर्व फोडांवर खपली धरली आहे, संसर्गाचा धोका नाही" हे शब्द लिहून घ्या. नुसत्या "बरे आहेत" वर माझं प्रमाणपत्र परत आलं होतं.