बक्षिसाचे पैसे आले!

आज दुपारी भाकरी थापता थापता मोबाईल वाजला. पाककृती-लेखन स्पर्धेच्या बक्षिसाचे 2000 रुपये खात्यात जमा! हात धुतले आणि आधी लेकीच्या क्लासची थकलेली फी भरली. कपाशीला यंदा भाव नव्हता. ह्यांच्या डोक्यावरचा तेवढा तरी भार उतरला, याचा मला फार आनंद आहे.

लेख आपल्या खानदेशी वांग्याच्या भरतावर होता. नुसतं साहित्य आणि कृती लिहून नंबर येत नाही, हे मला कळलं होतं. म्हणून मी सासूबाईंना बोलतं केलं. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सालं काढून बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायची, वरून तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. बडगीतल्या त्या ठोक्यांचा आवाज शेजारच्या गल्लीत जायचा, असं त्या म्हणाल्या, आणि लेखाची सुरुवात तिथेच सापडली. अर्धं बक्षीस त्यांचंच आहे.

प्रवेश फी मागणाऱ्या स्पर्धांना मात्र मी हात लावत नाही. घरखर्चाला हातभार लावायचा म्हणून लिहिते, मग घरातलेच पैसे का घालवायचे?

2024 च्या फेब्रुवारीत आपल्या अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. लिहिणारी माणसं इतक्या जवळून बघितली, तेव्हापासून मला धीर आला.

आता दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा जाहीर होतील. ज्या मैत्रिणींना लिहायचंय त्यांनी निःसंकोच मेसेज करा, नियम सोबत बसून वाचू.