उरलेले औषध दुसऱ्या रुग्णाला देताना

एखादा रुग्ण दगावतो, एखाद्याला औषधाचा दुष्परिणाम सोसवत नाही, एखाद्याचा आजार औषधाला दाद देईनासा होतो आणि डॉक्टर उपचार बदलतात. प्रत्येक वेळी मागे औषधे उरतात, आणि त्यांतील काही तर कुटुंबाने कर्ज काढून आणलेली असतात. त्याच वेळी दुसरीकडे कोणीतरी पैशाअभावी एक दिवसाआड गोळी घेत असतो किंवा महिन्याचे औषध दोन महिने पुरवत असतो. ही दोन टोके जोडावीत असे कोणत्याही सहृदय माणसाला वाटते, आणि मग आड येणारे नियम निर्दय वाटू लागतात. या नियमांचा अभ्यास करताना माझे मत असे झाले आहे की त्यांचा गाभा योग्य आहे. गरजू रुग्णाच्या हाती पडणारे औषध हे पैसे मोजून घेतलेल्या औषधाइतकेच खात्रीचे असले पाहिजे. त्याच्या गरिबीमुळे त्याच्यासाठी गुणवत्तेचा वेगळा, खालचा निकष लावता येणार नाही. मात्र जिथे अशी खात्री देता येते तिथेही औषध नष्ट करायला लावणारे नियम बदलले पाहिजेत, आणि काही देशांनी ते बदललेही आहेत.

अडचणीचे मूळ असे की औषधाची गुणवत्ता डोळ्यांनी कळत नाही. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते एकदा गोठले की निकामी होते, पण पुन्हा वितळल्यावर नेहमीसारखेच दिसू शकते. हृदयशूलासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतून प्लास्टिकच्या डबीत काढल्या तर त्यांतील औषध हळूहळू कमी होत जाते, आणि छातीत कळ आल्यावर गोळी लागू पडत नाही तेव्हाच ते उमगते. कारखान्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत औषध कोणाकडे होते आणि कशा स्थितीत ठेवले होते याची जबाबदारी प्रत्येक टप्प्यावर कोणावर तरी असते. औषध घरी गेले की ही साखळी तुटते. गोळ्यांचे पाकीट गाडीत उन्हात तापले का, न्हाणीघरातील दमट कपाटात राहिले का, हे घरातल्या माणसालाही नेमके सांगता येत नाही. दानाचे बहुतेक सगळे नियम या तुटलेल्या साखळीच्या जागी दुसरी कोणती खात्री ठेवता येईल, याच विचारातून आलेले आहेत.

नियम नसताना काय घडले याच्या नोंदी वाचताना मन विषण्ण होते. 1988 मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे 5,000 टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य पाठवले गेले. नेमके काय आले आहे हे समजून घ्यायलाच 50 माणसांना सहा महिने लागले. आलेल्या औषधांपैकी 8 टक्के औषधांची मुदत ती पोहोचली तेव्हाच संपलेली होती, 4 टक्के थंडीने खराब झाली होती आणि उरलेल्यांपैकी केवळ 30 टक्के औषधे सहज ओळखता येण्याजोगी होती. बोस्नियातील युद्धाच्या काळात, 1992 ते 1996 दरम्यान, आलेल्या मदतीपैकी निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे 17,000 टन माल निरुपयोगी ठरला, आणि तो नष्ट करण्याचे ओझे युद्धाने पिचलेल्या त्याच प्रदेशावर पडले. लिथुआनियातील 1993 ची घटना तर दानाची कल्पना मांडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. माहितीपत्रकाविना आलेले एक औषध तिथे स्त्रियांना देण्यात आले. ते प्रत्यक्षात जनावरांसाठीचे क्लोसँटेल होते, आणि 11 स्त्रियांची दृष्टी काही काळासाठी गेली. त्या डॉक्टरांनी आलेल्या मदतीवर विश्वास ठेवला होता आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असणार. खोक्यात काय आहे हे सांगणारा कागद तेवढा नव्हता.

अशा अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढे 1999 आणि 2010 मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. त्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की विचाराची सुरुवात घेणाऱ्याच्या गरजेपासून केलेली आहे. आपल्याकडे काय उरले आहे हा प्रश्न मागाहून येतो. घेणाऱ्याने मागितल्याशिवाय किंवा संमती दिल्याशिवाय औषध पाठवू नये. जे औषध देणाऱ्या देशात वापरायला योग्य मानले जात नाही ते दुसऱ्यांसाठीही योग्य मानू नये. वेष्टनावर औषधाचे जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाचे नाव असावे आणि ते औषध घेणाऱ्यांना समजेल अशा भाषेत असावे. आणि औषध पोहोचेल तेव्हा साधारणपणे किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. रुग्णांना देऊन परत आलेली औषधे आणि डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने दानात देऊ नयेत, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात सुमारे 4,000 टन औषधे जाऊन पडली, त्यांतील बहुतेकांवरची माहिती परक्या भाषेत होती आणि सुमारे 600 टन नष्ट करावी लागली. नियम लिहिले गेले म्हणजे ते पाळले जातात असे नाही.

ही तत्त्वे मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मदतीसाठी आहेत. एकाच देशात, एकाच भाषेत, परवानाधारक फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषध एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर परिस्थिती पुष्कळ बदलते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी याच आधारावर कायदे केले. आयोवा राज्यात 2007 पासून असा कार्यक्रम चालू आहे आणि कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांनी सुरू केलेली सिरम ही संस्था शुश्रूषागृहांतील, म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसे जिथे दीर्घकाळ राहतात त्या संस्थांतील, शिल्लक औषधे धर्मादाय दवाखान्यांपर्यंत पोहोचवते. शुश्रूषागृहांवरचा हा भर योगायोगाचा नाही. तिथे औषध रुग्णाच्या हाती नसून परिचारिकांच्या ताब्यात, कुलपात असते आणि ते बहुधा एकेक गोळी वेगळी सीलबंद केलेल्या पाकिटात येते. रुग्ण दुसरीकडे गेला किंवा मरण पावला तरी उरलेल्या गोळ्या कुठे होत्या हे निश्चितपणे सांगता येते. ताब्याची साखळी तिथे तुटलेलीच नसते, म्हणून अशा संस्थांपासून सुरुवात करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

राज्याराज्यांत तपशील बदलले तरी या कायद्यांचा सांगाडा बराच सारखा आहे. औषध मूळ सीलबंद वेष्टनात असावे, मुदतीचे काही महिने शिल्लक असावेत, देणाऱ्याने औषधाशी छेडछाड झालेली नाही असे लिहून द्यावे, त्याचे नाव व इतर वैयक्तिक माहिती वेष्टनावरून काढून टाकावी, फार्मासिस्टने प्रत्येक पाकीट तपासून नोंदवहीत औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक (एकत्र तयार झालेल्या औषधांना कारखाना देतो तो क्रमांक) आणि मुदत लिहावी, आणि घेणाऱ्या रुग्णाकडे डॉक्टरांची चिठ्ठी असावी. हे औषध विकता येत नाही. फार तर हाताळणीपुरते मर्यादित शुल्क घेता येते. सद्भावनेने आणि नियम पाळून देणाऱ्या व वाटणाऱ्या व्यक्तींना दाव्यांपासून संरक्षणही असते, कारण त्याशिवाय एकही दवाखाना हे काम अंगावर घेणार नाही. औषध दान केलेले आहे हे रुग्णाला सांगून त्याची संमती घेणे हा भाग मला औपचारिकतेहून मोठा वाटतो. मोफत घेणाऱ्या माणसालाही आपण काय घेत आहोत हे जाणून घेण्याचा आणि नको म्हणण्याचा अधिकार आहे.

बॅच क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरातून औषध देऊ पाहणाऱ्यांचे त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. जुलै 2018 मध्ये उच्च रक्तदाबावरील वलसार्टन या औषधात एनडीएमए हा कर्करोगाला कारण ठरू शकणारा घटक आढळल्यामुळे युरोपासह अनेक देशांत त्याच्या असंख्य बॅच परत मागवाव्या लागल्या. अशा वेळी कोणत्या रुग्णाकडे कोणती बॅच गेली हे कळले तरच त्याला सावध करता येते. पाकिटातून चार गोळ्या कापून कोणाला दिल्या तर बहुधा बॅच क्रमांक आणि मुदत एका तुकड्यावर राहतात आणि गोळ्या दुसऱ्यावर जातात. दोन्ही तुकड्यांतले औषध चांगले असले, तरी क्रमांक नसलेल्या तुकड्याचा माग आता कोणालाही काढता येणार नाही, आणि म्हणून तो दानात घेतला जात नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. अमेरिकेत लष्करासाठी साठवलेल्या औषधांची तपासणी करून त्यांची मुदत वाढवण्याचा कार्यक्रम 1986 पासून चालू आहे. त्यातील 122 औषधांच्या सुमारे 3,000 बॅचची माहिती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि 88 टक्के बॅचची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली असे तीत दिसले. या आकड्यावरून मुदत संपलेली औषधे वाटायला हरकत नाही असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो धोकादायक आहे. ती औषधे न उघडलेल्या मूळ वेष्टनात, नियंत्रित परिस्थितीत ठेवलेली होती आणि प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासल्यानंतरच मुदत वाढवली होती. दानाच्या औषधाची अशी तपासणी होत नाही, तेव्हा छापलेली तारीख पाळणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो.

काही औषधे या योजनांतून पूर्णपणे वगळलेली असतात. मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे त्यांत पहिली येतात, आणि वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांचा विचार करता हे मला जड जाते. पण गैरवापराची शक्यता पाहता सामान्य दानाच्या योजनेत ती आणण्याचा आग्रह मी धरणार नाही. थॅलिडोमाइड आणि लेनालिडोमाइडसारखी औषधे गर्भाला गंभीर इजा करतात, म्हणून अनेक देशांत ती विशेष नोंदणी झालेल्या रुग्णांनाच मिळतात आणि त्यांचे हस्तांतर होत नाही. शीतकपाटात ठेवावी लागणारी औषधे बहुतेक ठिकाणी नाकारली जातात किंवा अखंड थंड ठेवल्याचा पुरावा मागितला जातो.

आता नियम कुठे बदलायला हवेत, याकडे येतो. कर्करोगावरील तोंडाने घ्यायची औषधे अतिशय महाग असतात आणि त्यांचे उपचार अनेकदा मध्येच थांबतात, तरी घरून परत आलेली असल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी नष्ट केली जातात. नेदरलँड्समध्ये 14 रुग्णालयांत 1,071 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. रुग्णांना औषध देतानाच ते सीलबंद करून, वेळ व तापमान दाखवणारा निर्देशक लावून दिले गेले, आणि परत आलेल्या पाकिटाचे सील, मुदत व तापमान तपासून योग्य ती औषधे दुसऱ्या रुग्णाला दिली गेली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाया जाणाऱ्या औषधांत 68 टक्के घट झाली. मला यातले मोल असे दिसते की गुणवत्तेचा निकष त्यांनी जराही सैल केला नाही; जी माहिती घरी गेल्यावर हरवते ती टिकवण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 मध्ये महासाथीच्या काळात शुश्रूषागृहे आणि अंतकालीन शुश्रूषा केंद्रांना, औषधाचा दुसरा साठा वेळेवर मिळत नसेल तर, एका रुग्णाचे न उघडलेले औषध तपासणी व संमतीनंतर दुसऱ्याला देण्याची मुभा दिली गेली. जे संकटात सुरक्षितपणे करता येते ते इतर वेळी का करू नये, या प्रश्नाचे उत्तर औषध नियामकांनी दिले पाहिजे.

कायदा झाला तरी काम चालू होत नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील कित्येक राज्यांत कायदा आहे, पण प्रत्यक्ष कार्यक्रम नाही. औषधे फुकट मिळत असली तरी ती तपासणाऱ्या फार्मासिस्टचा वेळ, साठवणीची जागा, नोंदी आणि निरुपयोगी मालाची विल्हेवाट यांना पैसे लागतात, आणि त्यांची तरतूद कायद्यात केलेली नसते. घरोघरच्या पिशव्या स्वीकारणाऱ्या केंद्राला तर देण्याजोग्या औषधांपेक्षा टाकून देण्याच्या औषधांवरच अधिक श्रम करावे लागतात. फ्रान्सने नागरिकांकडून परत आलेली औषधे परदेशी मदतीसाठी पाठवणे 2009 पासून बंद केले. ती औषधे तिथे आता गोळा होतात ती सुरक्षितपणे नष्ट करण्यासाठी, आणि परदेशात मदत करायची असेल तर पैसे देणे अधिक उपयोगी मानले जाते. घरातील सुट्या गोळ्या, उघडलेली सिरप, डोळ्यांत घालायचे थेंब आणि अर्धवट राहिलेली प्रतिजैविके यांच्यासाठी मलाही हाच मार्ग योग्य वाटतो. सीलबंद, मुदतीतील आणि महाग औषध असेल तर ते शेजाऱ्याला परस्पर देण्याऐवजी, असे औषध स्वीकारण्याची कायदेशीर परवानगी असलेली संस्था शोधावी, आणि नेण्यापूर्वी त्यांना ते हवे आहे का हे विचारावे.

औषध उरण्याआधीचा नियमही याच विषयाचा भाग आहे. अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेत दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील रुग्णांना ब्रँडेड गोळ्या व कॅप्सूल एका वेळी 14 दिवसांपेक्षा अधिक देऊ नयेत, असा नियम 2013 पासून सामान्यतः लागू आहे, तो मुख्यतः औषध वाया जाऊ नये म्हणून. नवीन औषध सुरू होताना, ते सोसेल की नाही हे ठरायच्या आत तीन महिन्यांचा साठा घेऊ नये, पहिल्यांदा दोन आठवड्यांचेच लिहून द्याल का, असे डॉक्टरांना विचारायला कोणत्याही कायद्याची गरज लागत नाही.